दहा वायरी आणि एक खाट

ईसीजीचा कागद टिकत नाही. त्याच्यावर शाई नसते, रेघा उष्णतेनं उमटतात आणि दोन-चार वर्षांत पुसट होत जातात. जुनी फाईल उघडली की आत नुसता गुलाबी चौकटींचा कोरा कागद निघतो. ईसीजीच्या खाटेवर येऊन पडलेली माणसं मात्र पुसट होत नाहीत. गेली एकोणीस वर्षं मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात ईसीजी काढते. एक खोली, एक खाट, एक पडदा, एक मशीन आणि मशीनच्या दहा वायरी. चार हातापायांना, सहा छातीवर. एका माणसाला पाच मिनिटं पुरतात. पण त्या पाच मिनिटांत माणूस छाती उघडी टाकून पडलेला असतो, आणि अशा वेळी तो जे बोलतो ते एरवी बोलत नाही. सांगायला बसले की एकातून दुसरं निघतं, आणि डब्यातली भाजी थंड होते.

दोन माणसं आधीच सांगून ठेवते, कारण ती मधूनमधून येतील. एक आमच्या मॅडम, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टर. मूळच्या अकोल्याच्या, बोलणं कमी. दुसरे गुलाबभाऊ, आमचे अटेंडंट. पेशंटला खाटेवर चढवायचं, उतरवायचं काम त्यांचं. निवृत्तीला आलेत, पण अजून एकट्यानं माणूस उचलतात.

*

पांढरकवड्याकडचे रामदासभाऊ छातीत जळजळ होते म्हणून आले होते. पंचेचाळीसचे असतील. शर्ट काढून आडवे झाले आणि मी मनगटाला पहिला चिमटा लावला तसे ताडकन उठून बसले.

"हे झटका मशीन हाये काय?"

आमच्याकडे रानडुकरं पीक तुडवतात म्हणून शेताच्या कुंपणाला झटका मशीन लावतात. जनावराला हलका झटका बसतो, ते पळतं. पण काही जण मशीन न आणता विजेची लाइनच सरळ तारेत सोडतात.

मी म्हटलं, "नाही हो भाऊ. हे मशीन करंट देत नाही. तुमच्या काळजात जी वीज होते ना, ती फक्त कागदावर उतरवतं."

"माह्या काळजात कायची वीज? मी का गावातली लायनीची डीपी हाये?"

गुलाबभाऊ हसले. पडद्याजवळ उभी असलेली रामदासभाऊंची बायको हसली नाही. ती हळूच म्हणाली, "यायचा लहान भाऊ तारेले चिकटून गेला, ताई. दुसऱ्याच्या वावराच्या कुंपणाले. यायनंच लाकडानं सोडवला त्याले."

मग मी भिंतीतला प्लग काढला. मशीन बॅटरीवरही चालतं. प्लग तिच्या हातात दिला आणि रामदासभाऊंना म्हटलं, "बघा, आता वीज कुठून येईल?" त्यांनी तिच्या मुठीतला प्लग नीट पाहिला, तिला म्हणाले, "सोडू नोको," आणि आडवे झाले.

कागद निघत असताना मी त्यांना सांगत होते, की हृदयाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक ठिणगी पडते, मिनिटाला साठ-सत्तर वेळा. ती खालपर्यंत पसरते आणि हृदय आवळलं जातं. इतकी बारीक असते की आपल्याला कळतही नाही, पण या वायरींना कळते.

"साऱ्याईच्यातच असते?"

"सगळ्यांच्यात."

"गजाननच्यात बी होती?"

गजानन म्हणजे तो भाऊ, हे मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "होती."

ईसीजी चांगला होता. मॅडमनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. शर्टाची बटणं लावता लावता रामदासभाऊ म्हणाले, "आपली आतली वीज होती त्याच्यापाशी. तेवढी पुरली असती." ते माझ्याशी बोलत नव्हते. त्यांच्या बायकोनं तो प्लग माझ्या हातात ठेवला, तेव्हा तो घामानं ओला झाला होता.

*

आता माझी चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली आहे.

दिग्रसकडच्या एका तांड्यावरची सपना नावाची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली होती. तब्येतीच्या तपासणीला बापाबरोबर आली. बाप सगळ्यांना सांगत होता, "दोन वर्सं रोज पाहाटं धावली पोरगी. मी सायकलवर मांगं राहो." मी तिचा ईसीजी काढला. मॅडमनी कागद पाहिला, कपाळाला आठी घातली आणि सहज बोलून गेल्या, "हिचं हृदय उजव्या बाजूला आहे की काय?"

बाप दारातच होता. त्यानं ऐकलं. मॅडम दुसरा कागद काढायला सांगेपर्यंत तो व्हरांड्यात जाऊन तांड्यावर फोन करून मोकळा झाला होता. पोरीच्या काळजात खोट निघाली, भरती गेली.

चूक एवढीच होती की मी लाल वायर डाव्या हाताला आणि पिवळी उजव्या हाताला लावली होती. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत होतं, आणि तरी झालं. हातांच्या वायरी उलट लागल्या की पहिलीच लाट उलटी पडते. छातीच्या सहा वायरी मात्र बरोबर होत्या, त्यांच्या लाटा ठीक आल्या होत्या. मॅडमनी त्याच लाटांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

दुसरा कागद एकदम नीट आला. पण बाप ऐकेना. म्हणे, "पहिल्या कागदात होतं ते गेलं कुठी? सायबाले दाखवाले तुमी दुसरा कागद बनवला." सपना खाटेवर बसून खाली पाहत होती. रडत नव्हती. मी पहिल्या कागदावर बापासमोर लिहिलं, 'लाल वायर उजव्याऐवजी डाव्या हाताला लावली, चूक माझी,' आणि खाली सही केली. ते तिनं वाचून दाखवलं, तेव्हा कुठे बाप शांत झाला.

सात-आठ वर्षांनी एका आरोपीला तपासणीसाठी घेऊन पोलीस आले. त्याला छातीत दुखत होतं, ईसीजी काढायचा होता. बरोबर एक महिला शिपाई होती, ती खाटेशेजारी उभी राहिली. मी पहिला चिमटा उचलला तशी ती म्हणाली, "ताई, लाल उजव्या हाताले."

मी वर पाहिलं. तीच होती.

*

त्या चुकीनंतर मी प्रत्येक वायर तिचा रंग मनात म्हणून लावते. म्हणूनच नेरचे एक गुरुजी आले तेव्हा माझी फार फजिती झाली.

पहिला कागद निघाला आणि लाट उलटी. वायरी काढल्या, परत लावल्या, रंग मोठ्यानं म्हणत लावल्या. परत उलटी. तिसऱ्यांदा गुलाबभाऊंना जवळ उभं करून लावल्या. परत तेच. पण या वेळी छातीच्या वायरींच्या लाटाही विचित्र होत्या. डावीकडे जाता जाता त्या मोठ्या व्हायला पाहिजेत, त्या लहान होत चालल्या होत्या. मी गुरुजींच्या डाव्या छातीवर हात ठेवला. काही लागेना. उजवीकडे ठेवला. तिथे धडधड लागत होती.

गुरुजी साठीचे. खोकला झाला म्हणून आलेले. मॅडमनी एक्स-रे काढून त्यांना सांगितलं, की तुमचं हृदय जन्मापासून उजवीकडे आहे, त्याचा त्रास काही नाही, पण यापुढे कुणीही ईसीजी काढला तर आधी हे सांगायचं.

गुरुजींनी छातीवरचा हात डावीकडून उजवीकडे नेला. मग म्हणाले, "मॅडम, लग्नापासून बायकोसमोर मी डाव्या छातीवर हात ठेवून शपथा घेत आलो. त्या धरायच्या की नाही?"

मॅडम एकोणीस वर्षांत मोठ्यानं हसल्याचं मला एवढं एकदाच आठवतं.

*

वानखडेकाका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. वणी ते यवतमाळ, आणि पुढे घाटातून कुठेकुठे गाडी नेलेली. सकाळी दहाला स्वतःच्या पायांनी आत आले. पोटाच्या वरच्या बाजूला दुखतं म्हणाले, घाम खूप होता. बाहेर मुलगा मोटारसायकल चालू ठेवून उभा होता, कारण काकांना पाच मिनिटांत गोळी घेऊन परत जायचं होतं.

मी कागद काढला आणि तो हातात घेऊन पळतच मॅडमकडे गेले. मॅडम तशाच उठून खोलीत आल्या आणि मला म्हणाल्या, "एसटी वर गेली आहे. खालच्या बाजूची आहे. इंजेक्शन काढा."

खाटेवरून काका म्हणाले, "कोणती गेली? साडेदहाची?"

कागदावरच्या प्रत्येक ठोक्याला अक्षरांची नावं दिलेली आहेत. पी, क्यू, आर, एस, टी. एस आणि टी यांच्या मधली रेघ सपाट पाहिजे. ती वर उचलली गेली तर समजायचं की हृदयाच्या त्या भागाला रक्त पोचत नाही आहे. मी काकांना तेवढंच सांगितलं. म्हटलं, "काका, तुमच्या कागदावरची एसटी वर चढली आहे. हा हार्ट अटॅक आहे. घरी जाता येणार नाही."

ते वर पंख्याकडे पाहत राहिले. ओठ पांढरे पडले होते. मग म्हणाले, "तीस वर्सं मी एसटी चढवली. आता ते माह्यावर चढली."

गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन गेलं. मुलाला आत बोलावलं, त्यानं मोटारसायकल बंद केली नव्हती, ती बाहेर तशीच फटफटत होती. इंजेक्शननंतर दीड तासानं कागद परत काढायचा असतो, रेघ खाली आली का ते पाहायला. तो दीड तास काका तसेच पडून होते. नाडी मधेच चाळीसवर गेली, मधेच ठोके चुकायला लागले, मॅडम खाटेपासून हलल्या नाहीत. मी दुसरा कागद काढला. मॅडमनी तो पहिल्याशेजारी धरला.

काकांनी डोळे न उघडता विचारलं, "उतरली काय?"

"अर्धी उतरली," मॅडम म्हणाल्या.

"मंग घाट संपला. आता सपाटी हाये."

दुपारी त्यांना ॲम्ब्युलन्समधून नागपूरला पाठवलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तेव्हा आतून काकांचा आवाज आला, "पयल्या गेरवर उचल ना बाबू, दुसऱ्यावर काहून उचलून राह्यला?"

*

बायकांचा ईसीजी काढायचा म्हणजे आधी पडदा, मग गुलाबभाऊ बाहेर, मग दाराला कडी. तरी कित्येक जणी ब्लाउजची बटणं काढत नाहीत. आईसारख्या बाईला तू बटणं काढ म्हणायला मलाही सुरुवातीला जड जायचं.

शांताबाई राळेगावकडच्या. पासष्टीच्या पुढच्या. दम लागतो म्हणून सून घेऊन आली होती. त्यांनी सुनेला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, "वरूनच काढ बाई. कपड्यावरून." मी म्हटलं, "मावशी, कपड्यावरून निघत नाही. कातडीला जेली लावून चिकटवावं लागतं." पंधरा मिनिटं गेली. मी घाई केली नाही. शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "कर काय करायचं ते."

छातीवरची चौथी वायर डाव्या बाजूला, पाचव्या फासळीच्या खालच्या खोबणीत लागते. बायकांच्या बाबतीत स्तन हातानं वर उचलून त्याच्याखाली लावावी लागते. मी उचलला आणि माझ्या तळहाताला गाठ लागली. लिंबाएवढी. वरची कातडी ओढल्यासारखी झाली होती.

मी थांबले. त्यांना कळलं.

"किती दिवस झाले, मावशी?"

"दिवाळीच्या आंधीपासून." तेव्हा उन्हाळा चालू होता.

"घरात कुणाला सांगितलं नाही?"

"कोणाले सांगू? पोराले सांगू काय?"

मी सगळ्या वायरी लावून ईसीजी काढला. तो अगदी चांगला होता. मी त्या कागदावर काहीच लिहू शकत नव्हते, गाठ काही त्याच्यावर उमटत नाही. मी त्यांची बटणं लावली, त्यांचा हात धरून मॅडमच्या खोलीत घेऊन गेले आणि सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या सुनेला मॅडमनी आत बोलावलं. सून ऐकत होती आणि सासूकडे पाहत होती. मग ती म्हणाली, "एका न्हाणीत आंघोळ करतो ना आपण दोघी, मले कसं नाही दिसलं?" शांताबाई म्हणाल्या, "मी तुह्या आंधी उठतो म्हणून."

नागपूरला ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. औषधं चालली, केस गेले, परत आले. वर्षभरानं तिकडच्या डॉक्टरांनी ईसीजी मागितला म्हणून त्या माझ्याकडे आल्या. या वेळी सून आतच थांबली. शांताबाईंनी स्वतः पदर बाजूला केला, बटणं काढली आणि आडव्या झाल्या. तिथे आता सपाट छाती होती आणि एक आडवा व्रण. चौथी वायर मी पहिल्याच प्रयत्नात लावली.

त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "आता तुले सोपं झालं ना, बाई."

*

किसनराव आणि गिरजाबाई, दोघं सत्तरीच्या पुढचे. किसनराव दोनदा चक्कर येऊन पडले होते, एकदा विहिरीच्या काठाशी. गिरजाबाई त्यांना घेऊन आल्या, पण खोलीत त्यांच्यापासून लांब, खिडकीशी उभ्या राहिल्या. मी किसनरावांना विचारलं की काय होतं, तर ते माझ्याशी बोलले. गिरजाबाईंना विचारलं तर त्या माझ्याशी बोलल्या. एकमेकांकडे कुणी पाहिलं नाही.

कागद निघाला. ठोके मिनिटाला बत्तीस. लहान लाटा आपल्या चालीनं येत होत्या, मोठे ठोके आपल्या चालीनं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नव्हता.

मॅडम समजावून सांगताना कधी घाई करत नाहीत. त्या गिरजाबाईंना म्हणाल्या, "आजी, हृदयात वर दोन खोल्या असतात, खाली दोन. वरून निरोप निघतो. मधे एक चौकी असते, तिथे तो क्षणभर थांबतो आणि मग खाली जातो. वरच्या खोल्या आवळल्या की लगेच खालच्या आवळतात, अशी ती पद्धत असते. यांची ती चौकी बंद पडली आहे. वरचं खाली पोचत नाही. वरच्यांचं काम वरच्यांपाशी, खालच्यांचं खालच्यांपाशी. दोघांचं बोलणं बंद."

गिरजाबाई म्हणाल्या, "आमच्या घरी तसंच हाये."

मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला.

"पोरीच्या लग्नावरून बोलणं बंद झालं. सोळा वर्सं झाली. ते इकडे जेवते, मी तिकडे."

मॅडमनी विचारलं, "आणि घर चाललं?"

"चाललं," गिरजाबाई म्हणाल्या. "पण हळू."

किसनराव छताकडे पाहत होते.

त्यांना नागपूरला नेऊन छातीत पेसमेकर बसवायचा होता, म्हणजे बाहेरून निरोप देणारं छोटं यंत्र. वाटेत काहीही होऊ शकत होतं. गुलाबभाऊंनी त्यांना ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. गिरजाबाई पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसायला निघाल्या. मग थांबल्या, मागे आल्या आणि आत चढून त्यांच्या डोक्याशी बसल्या. किसनरावांची मान कलली होती, डोळे मिटत होते. मी दाराशी सलाईनची बाटली धरून उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

गिरजाबाई म्हणाल्या, "अवं, डोये मिटू नोका."

त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "नाही मिटत."

गुलाबभाऊंनी दार लावलं.

*

मागच्या सप्टेंबरची गोष्ट. दुपारी दीडच्या सुमाराला एक पिकअप दवाखान्याच्या पायरीला लागूनच उभी राहिली. मागच्या हौद्यात ताडपत्रीवर एक माणूस, त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर. सोयाबीनच्या वावरात काम करता करता खाली बसले आणि तसेच कलंडले म्हणे. महादेवराव त्यांचं नाव. गाव बारा किलोमीटरवर. पिकअप मिळून इथे पोचेपर्यंत तास गेला होता.

गुलाबभाऊंनी त्यांना एकट्यानं उचलून तातडीच्या पेशंटच्या, दोन खाटांच्या खोलीत नेलं. मॅडम आणि सिस्टर वीस-पंचवीस मिनिटं छाती दाबत होत्या. तेवढ्यात मुलगा आला. प्रफुल. तीसेक वर्षांचा, इथेच गावातल्या जिनिंगवर फिटर. अंगावर कापसाचं भुसकट तसंच होतं. मॅडम थांबल्या, घड्याळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "ईसीजी."

माणूस गेला असं लिहायच्या आधी सपाट रेघेचा कागद काढावा लागतो. मी माझं मशीन तिथे आणलं आणि दहा वायरी लावल्या. कागद निघाला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ रेघ. वायर सैल नाही ना, हे मी प्रत्येक चिमटा दाबून पाहिलं. मशीनची ताकद वाढवून परत काढला. सरळ रेघ.

मॅडमनी प्रफुलला सांगितलं.

तो म्हणाला, "मशीन खराब हाये."

मॅडमनी परत सांगितलं, हळू आवाजात.

"मशीन खराब हाये तुमचं. मी मशीनवरच काम करतो, मले समजते. असं एकसारखं कुठी असते काय? सेन्सर गेला त्याचा. दुसरं मशीन आना." त्यानं वायरींचा जुडगा मुठीत धरला होता. गुलाबभाऊ पुढे झाले. मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं. बाहेर लोक जमले होते, कुणीतरी म्हणत होतं की दवाखान्यात मशीनही नीट नाही. आमच्याकडे दुसरं मशीन नव्हतं.

त्याची आई भिंतीला टेकून खाली बसली होती. ती अजून रडली नव्हती.

मी त्याच्या मुठीतून वायरी सोडवल्या. का ते सांगता येणार नाही, मी तेव्हा विचार केला नव्हता. शेजारच्या खाटेकडे बोट करून म्हटलं, "भाऊ, इथं झोपा."

"मी कायले झोपू?"

"मशीन पाहायचं आहे ना तुम्हाला? झोपा. शर्ट काढा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं शर्टाची बटणं काढली आणि आडवा झाला. मी महादेवरावांच्या अंगावरच्या वायरी एकेक करून काढल्या आणि त्याच्या अंगावर लावल्या. लाल, पिवळी, हिरवी, काळी. छातीवर जेली लावली तेव्हा त्याचं अंग शहारलं. मी बटण दाबलं.

कागद सरकायला लागला. तो थरथरत होता म्हणून रेघ बारीक दातेरी येत होती, पण त्या दातेरी रेघेतून ठोके वर येत होते. एक, मग एक, मग एक. भरभर येत होते, एकशे वीसच्या पुढे. प्रफुलनं मान वळवून ते पाहिलं. कागद मशीनमधून निघून खाटेच्या कडेवरून खाली लोंबला, तरी तो पाहतच होता. मी मशीन बंद केलं नाही. मग त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि रेघ सगळीच विस्कटली, कारण तो हुंदके देत होता.

त्याची आई भिंतीला धरून उठली. खाटेपाशी आली. तिनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नसावं, पण हा कागद वाचायला अक्षर लागत नाही. तिनं ठोक्यांवरून बोट फिरवलं.

"याचं चालून राह्यलं ना, बाई?"

"हो, मावशी," मी म्हटलं. "चालू आहे."

तिनं मान हलवली. मी वायरी काढल्या. तिनं पदराच्या टोकानं त्याच्या छातीवरची जेली पुसली, नीट, सहाही ठिकाणची. त्याच्या शर्टाची बटणं खालून वर लावत नेली. मग त्याच्या दंडाला धरून म्हणाली,

"उठ. तुह्या बापाले घरी न्या लागते."